पावसाची रोजकीर्द

पाऊस मोजण्याचं काम आपल्याकडे फार पूर्वी कुणाला सांगितलेलं होतं, ठाऊक आहे? ज्योतिष्याला नव्हे, शेतकऱ्यालाही नव्हे. खजिनदाराला! कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तसा स्पष्ट हुकूम आहे. सन्निधाता म्हणजे राजाचा खजिनदार आणि कोठावळा. त्याने कोठारात एक अरत्नी, म्हणजे साधारण हातभर रुंद तोंडाचं कुंड ठेवावं आणि पाऊस मोजावा. ज्याच्या कमरेला किल्ल्या, त्याच्याच गळ्यात पाऊस. हे वाचल्यापासून मी बँकेत जरा ताठ बसतो. दिवसभर नोटा मोजणारा माणूस सकाळी परसात वाकून पाऊस कशाला मोजतो, असं विचारणाऱ्यांना द्यायला माझ्याकडे आता चांगलं जुनं, मुरलेलं उत्तर आहे.

कौटिल्याने आकडेही दिले आहेत. अश्मकात साडेतेरा द्रोण, अवंतीत तेवीस द्रोण आणि अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणात, अमाप. कोकणापुढे मोजणाऱ्यांनी हात टेकले ते तेव्हाच! अश्मक म्हणजे अजिंठ्याच्या डोंगरापलीकडचा गोदाकाठ आणि अवंती म्हणजे उज्जैन. आमचं पहूर या दोहोंच्या मधे, वाघूर नदीच्या काठी. जळगावहून अजिंठ्याची लेणी बघायला निघालात तर वाटेत लागतं, आणि २०२० पर्यंत पाचोरा-जामनेरची छोटी गाडीही इथे थांबायची. पण आमचा आकडा काही कौटिल्याने दिलेला नाही. हवामानाच्या बातमीत पुणे, मुंबई, नागपूर झालं की निवेदक 'उर्वरित महाराष्ट्रात' म्हणतो ना, त्या उर्वरितात आम्ही निदान कौटिल्यापासून आहोत.

मग आम्ही आमची मापं काढली. किती झाला पाऊस? तर एक म्हणतो, वितभर ओल गेली. दुसरा म्हणतो, नाल्याला पाणी आलं. तिसरा नुसताच म्हणतो, दणका दिला भो! यातल्या ओलीच्या मापाला हसू नये. बियाण्याला मिलिमीटर कळत नाही, ओल कळते. अडचण एवढीच की वीत ज्याची त्याची असते. पैलवानाची वीत आणि माझ्यासारख्या कारकुनाची वीत यांचा ताळा कसा जुळायचा? आणि ज्याचा ताळा जुळत नाही तो आकडा, आम्हा कॉमर्सवाल्यांच्या लेखी, आकडाच नव्हे.

ताळ्याचं हे वेड इंग्रजांनी आणलं. कंपनी सरकारने १८२६ साली मुंबईत कुलाब्याला वेधशाळा बांधली आणि १८४१ पासून तिथे हवामानाच्या नोंदी सुरू झाल्या. तिकडे विलायतेत १८६० साली जॉर्ज सायमन्स नावाच्या बाविशीतल्या तरुणाने घरोघर पाऊस मोजणाऱ्यांची नावनिशी जमवायला घेतली. पाद्री, डॉक्टर, जमीनदार, कुणीही चालत होतं. पगार शून्य. पहिल्या खेपेला १६८ ठिकाणं मिळाली. १९०० साली सायमन्स वारला तेव्हा ती तीन हजारांवर गेली होती. फुकटच्या कामाला एवढी माणसं मिळतात यावर माझा विश्वास बसत नव्हता, पण आता मीच त्यातला झालोय. सायमन्सने रूढ केलेला पाच इंच तोंडाचा पर्जन्यमापक पुढे आपल्या तालुका कचेऱ्यांच्या आवारात येऊन बसला. तापमापकासाठी झडपांची पांढरी पेटी काढली टॉमस स्टीव्हन्सनने. हा दीपगृहं बांधणारा इंजिनियर. त्याच्या मुलाने 'ट्रेझर आयलंड' लिहिली. बापाने पेटी केली आणि मुलाने खजिना शोधला, असं घराणं विरळाच.

आपलं हवामान खातं सुरू झालं १८७५ साली. १८६४ चं कलकत्त्याचं चक्रीवादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ यांनी सरकारला जाग आणली होती. १८८६ पासून खातं पावसाचे अंदाजही देऊ लागलं. १८९९ साली त्याने पाऊस चांगला होईल असं सांगितलं आणि पडला तो त्या शतकातला एक भयंकर दुष्काळ. खानदेशही त्यात होरपळला. १९०४ साली खात्याची सूत्रं हाती घेणाऱ्या गिल्बर्ट वॉकरने मग जगभरच्या जुन्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहायला घेतल्या. आकडेमोडीला हाताखाली हिंदी कारकुनांचा ताफा. त्यातून त्याला हजारो मैलांवरच्या प्रशांत महासागरातल्या हवेच्या दाबाचे झोके सापडले. आज आपण एल् निनो म्हणून ज्याच्या नावाने खडे फोडतो, त्याचंच हे भावंडं. म्हणजे अंदाज एकदा चुकला तरी चालेल, रोजची नोंद चुकता कामा नये. अंदाजाची दुरुस्ती नोंदीतून होते. नोंदीची दुरुस्ती कशातून करणार?

१९२८ साली या खात्याचं मुख्य ऑफिस शिमल्याहून पुण्याला आलं. शिमला सुटलं, पण पुणेकर त्या इमारतीला अजून शिमला ऑफिसच म्हणतात. पत्ता बदलला तरी खात्याचं नाव जुनंच चालवायचं, ही पद्धत फक्त बँकेतच आहे असं मला वाटत होतं. याच पुण्याच्या ऑफिसात १९४८ साली अ‍ॅना मणी नावाची तरुण बाई रुजू झाली. साधी साधी उपकरणं तोवर परदेशातून यायची. बाईंनी जवळजवळ शंभर उपकरणांचे प्रमाण आराखडे तयार करवले आणि ती इथेच बनू लागली. त्यांचा एक कटाक्ष होता: चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं. हे वाक्य आमच्या कॅशियरच्या पिंजऱ्यावर लावायला हवं.

आता कुणी म्हणेल, एवढं मोठं खातं असताना परसात नरसाळं कशाला? त्याला २६ जुलै २००५ हे उत्तर आहे. त्या दिवशीच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला झाला जेमतेम ७४. दोन्ही आकडे बरोबर. पाऊस महसूल मंडळाच्या हद्दी पाहून पडत नाही. पण आमच्या जिल्ह्यात केळीचा विमा मंडळाच्या हिशेबाने चालतो. २०१७ सालापासून राज्यात महावेध योजनेखाली दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं मंडळामंडळांत उभी राहिली. सलग ठरावीक दिवस थंडीचा किंवा उन्हाचा पारा ठरलेल्या आकड्याच्या पलीकडे गेला की भरपाई मिळते. अर्धा अंश इकडे की तिकडे, एवढ्यावर एखाद्या घरातलं लग्न पुढे ढकललं जातं. विम्याचा हप्ता बँकेतून जातो, म्हणून ही माणसं माझ्या काउंटरवर येतात आणि मी काल रात्री पारा खाली पाडला असावा अशा नजरेने माझ्याकडे बघतात. त्यांना निदान आमच्या गल्लीपुरतं तरी खात्रीने काही सांगता यावं, म्हणून मी हा उद्योग मांडला.

सोळा सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं घेतलं. क्षेत्रफळ भरतं दोनशे एक चौरस सेंटिमीटर. म्हणजे एक मिलिमीटर पावसाला बाटलीत वीस मिलिलिटर पाणी, हिशेबाला सोपं. औषधाच्या दुकानातून दहा मिलिलिटरची सिरिंज आणली आणि दोन सिरिंजा पाणी, एक खूण, असं करत लिटरभराच्या बाटलीवर पन्नास खुणा केल्या. दुकानदाराने हलक्या आवाजात विचारलं, "घरी कोण आजारी आहे भाऊ?" मी म्हणालो, "पाऊस." जवळची भिंत जेवढी उंच, तिच्या दुपटीहून जास्त अंतरावर नरसाळं बसवलं, त्यासाठी कपडे वाळत घालायची दोरी हलवावी लागली. तिथे कौटिल्याचा दाखला उपयोगी पडला नाही.

तापमापकासाठी जुन्या झडपांच्या खिडकीची पेटी केली, पांढरा रंग दिला, जमिनीपासून सव्वा मीटर उंच, दार उत्तरेला. आत ऊन शिरू नये म्हणून दार उत्तरेला असतं, पण घरच्यांना ते वास्तुशास्त्र वाटलं आणि परवानगी लगेच मिळाली. गच्ची मुद्दाम टाळली. आमच्याकडे मे महिन्यात गच्चीवरचा तापमापक हवेचं तापमान सांगत नाही, स्लॅबचं सांगतो. मग गोळेवाल्याकडून बर्फाचा चुरा आणला. चुरा आणि पाण्याच्या लगद्यात तापमापकाने शून्य दाखवायला हवं. त्याने ०.४ दाखवलं. कोमट पाण्यात ताप बघायच्या थर्मामीटरशी ताडला, तिथेही तेवढाच पुढे. विकणारा म्हणाला, "०.४ ने काय होतंय?" कॅशमध्ये चाळीस पैसे जास्त निघाले तरी संध्याकाळी आमची सुटका होत नाही, हे त्याला काय माहीत! वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाकलं: रोज ०.४ वजा.

गेल्या जूनमध्ये एक नाना काउंटरवर आले. तालुक्यात ८० मिलिमीटर झाला म्हणतात, कपाशी लावू का? पाऊण-एकशे मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. मी म्हटलं, "नाना, तुमच्या शेतात किती झाला?" नानांनी आधीच सरळ भिंतीचा एक डबा शेतात ठेवला होता. अशा डब्याला नरसाळ्याचाही हिशेब लागत नाही. आत पट्टी उभी करावी, जेवढे मिलिमीटर पाणी तेवढा पाऊस. रोजचे आकडे बिडीच्या पाकिटावर लिहिलेले. बेरीज केली, ३४ भरली. नाना थांबले. पुढे बारा दिवस आभाळ कोरडं गेलं. बियाण्याच्या पिशव्या घरात होत्या, त्या घरातच राहिल्या.

सकाळी साडेआठला मी नोंद करतो. खात्याची वेळही तीच. पाऊस नसेल तर ०.० लिहितो. बरेच लोक त्या दिवशी रकाना रिकामा सोडतात. शून्याचा अर्थ, पाहिलं आणि पाऊस नव्हता. रिकाम्या रकान्याचा अर्थ, कुणी पाहिलंच नाही. दुष्काळाचा पुरावा असल्या शून्यांनीच तयार होतो.

हवामानाची सरासरी काढायला तीस वर्षं लागतात, असा जगभरचा रिवाज आहे. माझी तीन झाली. उरलेली सत्तावीस भरेपर्यंत मी सत्तरी ओलांडलेली असेल. म्हणून मी गावाला गेलो की मुलीला नोंद करायला सांगतो. दिवाळीत परत आलो तर सातही दिवस ०.० लिहिलेलं, आणि प्रत्येकापुढे तिची छोटी सही. बँकेत एकट्याच्या सहीवर काही चालत नाही, हे तिने माझ्याकडूनच ऐकलेलं. शेजारचा दुसऱ्या सहीचा रकाना तिने आजीकडून भरून घेतला होता.