संकरज श्वानाचें मोल

किंमत आणि मोल हे दोन शब्द आपण बहुधा एकाच अर्थीं वापरतों. परंतु त्या दोहोंत जें अंतर आहे, तें जिवंत प्राण्याच्या खरेदीविक्रींत जितकें उघड होतें तितकें इतरत्र क्वचितच होत असेल. मध्यंतरीं आमच्या एका स्नेह्यांनीं घरीं कुत्रें आणण्याचा मनोदय प्रकट केला. त्यांच्या मुलीला दम्याचा विकार आहे. म्हणून केंस न गाळणारें आणि दमेकऱ्याच्या घरांतहि चालणारें असें एक संकरज पिलूं एका विक्रेत्यानें त्यांस सुचविलें होतें. मात्र त्याची सांगितलेली किंमत बापाच्या आणि आईच्या अशा दोन्ही जातिवंत कुळांतील पिलांच्या किंमतीहून अधिक होती. आमचे स्नेही हिशेबी गृहस्थ. त्यांनीं मला विचारलें, "प्रोफेसरसाहेब, दुधांत पाणी घातलें म्हणजे दूध स्वस्त होतें, मग येथें भेसळ शुद्धाहून महाग कशी?" प्रश्न सरळ होता, परंतु इतिहासांत थोडें मागें गेल्यावांचून त्याचें उत्तर देतां येईना.

प्रथम 'शुद्ध' या शब्दाचीच जन्मपत्रिका पाहिली पाहिजे. कुत्रा माणसाच्या संगतींत हजारों वर्षें आहे. परंतु त्याच्या वंशशुद्धीची कल्पना दीडशें वर्षांच्या फारशी पलीकडची नाहीं. पूर्वीं कुत्र्याची ओळख त्याच्या कामावरून होत असे. एक मेंढरें राखी, दुसरा बिळांत शिरून उंदीर मारी, तिसरा पडलेलें पांखरूं पाण्यांतून उचलून आणी. ज्याला जसें काम हवें, तो तशा गुणाच्या कुत्र्याशीं आपल्या कुत्रीचा संयोग घडवून आणी. आजोबा कोण होते याची चौकशी फारशी होत नसे. 1859 सालीं इंग्लंडांत न्यूकॅसल येथें जें श्वानप्रदर्शन भरलें, त्यांत पॉइंटर आणि सेटर या दोनच शिकारी जातींस प्रवेश होता, आणि जिंकणारास बक्षीस होतें तें बंदुकीचें. म्हणजे प्रदर्शनाच्या आरंभींहि दृष्टि कामावरच होती. पुढें 1873 सालीं लंडनांत केनेल क्लब स्थापन झाला, आणि दुसऱ्याच वर्षीं त्यानें वंशावळीचें पहिलें पुस्तक प्रसिद्ध केलें. अमेरिकेंतील तशीच संस्था 1884 मध्यें निघाली. यापुढें कुत्रें काय करतें यापेक्षां त्याचे आईबाप पुस्तकांत नोंदलेले आहेत कीं नाहींत, हा प्रश्न मोठा झाला. कागद आला आणि कागदाबरोबर भाव आला.

पुस्तकाची दारें बंद केल्याचे परिणाम व्हावयाचे ते झाले. मोजक्याच पूर्वजांपासून पिढ्यानपिढ्या संतति घेतली म्हणजे गुणांबरोबर दोषहि रक्तांत पक्के होतात. याचें एक उदाहरण देण्याजोगें आहे. ठिपक्याठिपक्यांची डाल्मेशियन जात सर्वांस परिचित आहे. या जातींत यूरिक अॅसिडाचें पुढें रूपांतर नीट न होण्याचा दोष सरसकट पसरला होता, आणि त्यामुळें कित्येक कुत्र्यांस मूतखड्याची व्यथा होत असे. दोष सगळ्यांतच असल्यामुळें जातीच्या आंत राहून निवड करण्यास कांहीं उरलेंच नव्हतें. तेव्हां 1973 सालीं रॉबर्ट शायबल या अमेरिकन शास्त्रज्ञानें एका पॉइंटरशीं एकदांच संकर केला आणि त्याच्या संततीचा पुढें पुन्हां पुन्हां डाल्मेशियनांशींच संयोग घडवून तो निर्दोष गुण जातींत आणला. कांहीं पिढ्यांनीं त्या कुत्र्यांत पॉइंटरचा अंश नांवापुरताच राहिला. तरीहि अमेरिकन केनेल क्लबानें या शाखेस आपलें दार कायमचें उघडलें तें 2011 सालीं! कुत्रें निरोगी झालें, परंतु कागद मळला, म्हणून अडतीस वर्षें तंटा चालला. शुद्धतेचें हें सोवळें लक्षांत ठेवलें म्हणजे पुढील कथेंतील विपर्यास चांगला उमजतो.

ही कथा ऑस्ट्रेलियांतील आहे. तेथील अंधांना वाटाड्या कुत्रीं पुरविणाऱ्या संस्थेंत वॉली कॉनरन नांवाचे गृहस्थ पैदाशीचें काम पाहत असत. हवाई बेटांतील एका अंध स्त्रीनें संस्थेकडे कुत्र्याची मागणी केली. परंतु तिच्या पतीला कुत्र्याच्या केंसांचें वावडें होतें. पूडल जातीचे कुरळे केंस फारसे गळत नाहींत, म्हणून कॉनरन यांनीं प्रथम पूडलच शिकवून तयार करण्याची खटपट केली. सुमारें तीन वर्षांत तेहतीस पूडल तपासले. त्यांतील एकहि या कामास उतरला नाहीं. शेवटीं त्यांनीं पूडल नर आणि लॅब्राडोर मादी यांचा संकर केला. तीन पिलें झालीं. तिघांच्याहि केंसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठविण्यांत आले. त्यांतील एकाचाच त्या पतीला त्रास झाला नाहीं. त्या पिलाचें नांव सुलतान. तो शिकून तयार झाला आणि त्यानें त्या बाईंची सेवा केली. ही गोष्ट 1989 च्या सुमाराची.

येथवर सर्व कांहीं शुभ आणि हेतुपूर्वक आहे. परंतु उरलेल्या दोन पिलांचें काय करावें? संस्थेकडे पिलें सांभाळण्यास घरें हवीं होतीं, आणि त्यासाठीं लोकांची यादीहि लांबलचक होती. तरी संकरज पिलूं घेण्यास कोणी तयार होईना. तेव्हां कॉनरन यांनीं एक युक्ति केली. नवीन जातीचा शोध लागला असून तिचें नांव 'लॅब्राडूडल' असें आहे, अशी बातमी त्यांनीं वर्तमानपत्रांत देवविली. कालपर्यंत ज्या पिलांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतें, त्यांच्यासाठीं चौकश्यांचा पाऊस पडला. पिलें तींच, रक्त तेंच. बदललें तें केवळ नांव. तेंहि सर्वस्वी नवें नव्हतें. पाण्यावरील वेगाचे विक्रम करणाऱ्या डोनल्ड कॅम्बेल यांच्या 1955 च्या पुस्तकांत तें पूर्वींच आलेलें होतें. अमेरिकेंत कॉकर स्पॅनियल आणि पूडल यांच्या संकरास 'कॉकापू' म्हणण्याची चालहि याच्या आधींची आहे. परंतु नांवाचा बाजार भरला तो ऑस्ट्रेलियांतील या बातमीनंतर. पूडलशीं जुळेल त्या जातीचा संकर करून दोन नांवांचे तुकडे सांधावे आणि भाव सांगावा, असा एक धंदाच देशोदेशीं उभा राहिला.

आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें मिळतें. बाजारांत विकलें जातें तें पिलूं नव्हे, वचन विकलें जातें: केंस गळणार नाहींत, दमा होणार नाहीं, दोन्ही कुळांचे गुण येतील. आतां हें वचन कितपत पाळलें जातें तें पाहूं. मेंडेलनें वाटाण्याच्या रोपांवरील आपले प्रयोग 1866 सालीं प्रसिद्ध केले; आनुवंशाचा कारभार कसा चालतो याची कल्पना त्यांवरून येते. संकरांत गुणांची वांटणी होते ती मालकाच्या इच्छेनें नव्हे. एकाच वेतांतील एक पिलूं कुरळें, दुसरें सरळ केंसांचें निघतें. आणि संकरजांचा संकरजांशीं संयोग केला म्हणजे पुढील पिढींत हे भेद अधिकच फांकतात. खुद्द कॉनरन यांच्या दुसऱ्या एका वेतांतील दहा पिलांपैकीं वावडें न होणारीं तीनच निघालीं होतीं. शिवाय वावड्याचें मूळ केंसांत नाहींच. तें कुत्र्याच्या लाळेंत आणि त्वचेच्या कोंड्यांत असणाऱ्या प्रथिनांत आहे. 2011 सालीं अमेरिकेंत घराघरांतील धूळ तपासण्यांत आली, तेव्हां 'वावडें न होणाऱ्या' म्हणून गाजलेल्या जातींच्या आणि इतर कुत्र्यांच्या घरांत या द्रव्याच्या प्रमाणांत फरक आढळला नाहीं. पुढल्या वर्षीं हॉलंडांतील संशोधकांस तर अशा जातींच्या केंसांत तें द्रव्य उलट अधिकच सांपडलें, आणि घरांतील हवेंत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं.

निरोगीपणाचें दुसरें वचनहि असेंच अर्धवट आहे. संकरानें वंश सुदृढ होतो हें तत्त्व खोटें नव्हे. डाल्मेशियनांची कथा त्याची साक्ष आहे. परंतु जो दोष दोन्ही कुळांत आहे, तो संकरानें जाणार कसा? लॅब्राडोर आणि पूडल या दोहोंतहि खुब्याच्या सांध्याची विकृति आढळते. दृष्टि हळूहळू नष्ट करणारा नेत्रपटलाचा एक आनुवंशिक विकारहि दोहोंत आहे. 2024 सालीं लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजाच्या संशोधकांनीं कॉकापू, लॅब्राडूडल आणि कॅव्हापू या तीन संकरजांची त्यांच्या मूळ जातींशीं रोगवार तुलना केली. शेंकडा 86 हून अधिक तुलनांत कांहींच फरक दिसला नाहीं. संकरज अधिक रोगी नाहींत, तसे अधिक निरोगीहि नाहींत. म्हणून आईबापांचे खुबे आणि डोळे तपासल्याचे दाखले नसतील, तर जादा दिलेली किंमत केवळ नांवालाच दिली असें समजावें.

खरेदीची रक्कम तर खर्चाचा उंबरठाच होय. जे केंस गळत नाहींत ते आपोआप जातहि नाहींत; ते वाढतात, गुंततात आणि रोज विंचरले नाहींत तर त्यांच्या जटा होऊन खालची कातडी सोलवटते. दीडदोन महिन्यांनीं कातरणाऱ्याकडे न्यावें लागतें, आणि हें बारातेरा वर्षें चालावयाचें. खाणें, लसी, औषधें आणि घरीं कोणी नसतांना सांभाळणाराची सोय यांचा हिशेब मांडला तर पहिली रक्कम त्यापुढें लहान वाटूं लागते. आणि हा सर्व खर्च पैशांत मोजतां येणारा. जो मोजतां येत नाहीं, तो भलत्याच जीवाच्या माथीं बसतो. मागणी वाढली म्हणजे अंधाऱ्या कोठड्यांत माद्या कोंडून वेतामागून वेत घेणारे कारखाने निघतात. अशाच एका कारखान्यांतून सोडविलेल्या लूसी नांवाच्या कुत्रीच्या हालांवरून चळवळ झाली, आणि 2020 च्या एप्रिलपासून इंग्लंडांत सहा महिन्यांच्या आंतील पिलें दलालामार्फत विकण्यास कायद्यानें बंदी झाली. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं महामारीमुळें घरीं कोंडलेल्या लोकांनीं पिलांसाठीं झुंबड केली आणि भाव भडकले.

आपल्या मुंबईच्या इतिहासांतहि कुत्र्याची किंमत सरकारदरबारीं एकदां ठरली होती. मोकाट कुत्रें मारून आणणारास दर कुत्र्यामागें आठ आणे मिळत. 1832 च्या जून महिन्यांत या मारेकऱ्यांचा अतिरेक होतांच कोटांतील पारशी मंडळी खवळून उठली. हिंदु, जैन आणि मुसलमानहि त्यांस मिळाले, दुकानें बंद झालीं, आणि लष्कर बोलावण्याची पाळी आली. पुढें दोन वर्षांनीं जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनीं मुंबईस पांजरापोळ स्थापिली. ज्या कुत्र्यांस ना कुळ ना नांव, ज्यांना सरकारनें आठ आणे भाव लावला, त्यांच्यासाठीं शहरानें आपला व्यापार बंद ठेवला. मोल आणि किंमत यांतील अंतर याहून स्पष्ट कोणी दाखविलें असेल असें मला वाटत नाहीं.

कॉनरन यांना उतारवयांत आपल्या कृतीचा पश्चात्ताप झाला. आपण नको तें पेटारें उघडलें, असें ते उघडपणें बोलून दाखवीत. माझ्या मतें दोष त्यांच्या संकराचा नव्हता. सुलतान एका अंध स्त्रीसाठीं जन्मला. त्याच्यामागें एका माणसाची गरज होती. नंतरच्या हजारों पिलांमागें केवळ एक शब्द होता. शुद्धतेच्या कागदानें कुत्र्याला कामापासून तोडलें, आणि संकराच्या नांवानें त्याला त्या कागदापासूनहि तोडलें; दोन्ही वेळीं भाव मात्र चढला.

स्नेह्यांना मीं इतकेंच सांगितलें: मुलीला आधीं वैद्याचा सल्ला घेऊन एखाद्या कुत्र्याच्या सहवासांत कांहीं दिवस वरचेवर नेऊन पाहा, तिचा श्वास जें सांगेल तें कोणताहि विक्रेता सांगूं शकणार नाहीं. पिलूं घ्यावयाचेंच असेल तर त्याची आई जेथें राहते ती जागा डोळ्यांनीं पाहा. आणि गल्लींतील एखादें बिननांवाचें कुत्रें तिला मानवलें, तर किंमत पडणार नाहीं. मोल मात्र बारा वर्षें रोज द्यावें लागेल. त्यांनीं अद्याप कुत्रें घेतलेलें नाहीं. परंतु संध्याकाळीं बाप-लेक शेजाऱ्यांच्या म्हाताऱ्या गांवठी कुत्र्याला फिरवून आणतांना दिसतात.