अवघड इंग्रजी शब्दांची पहिली वही

पुस्तकांच्या दुकानात 'प्रगत इंग्रजी शब्दसंग्रह' शिकवणाऱ्या पुस्तकांचा एक अख्खा कप्पा असतो. स्पर्धा परीक्षांना बसणारी मुलं ती पाठ करतात. आपल्याला वाटतं, ही गरज आपल्यासारख्या परभाषिकांची. पण गंमत अशी, की इंग्रजीतला पहिला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश म्हणून ज्याचं नाव घेतात, ते पुस्तक याच कामासाठी निघालं होतं, आणि तेही खुद्द इंग्रजांसाठी!

साल १६०४. कर्ता रॉबर्ट कॉड्री. हा आमच्याच जातकुळीतला, म्हणजे शाळामास्तर. पुढे धर्मोपदेशक झाला, पण चर्चच्या वरिष्ठांशी पटलं नाही आणि ते पद गेलं. त्याने सुमारे अडीच हजार शब्द वर्णक्रमाने लावून 'टेबल अल्फाबेटिकल' नावाचं छोटं पुस्तक छापलं. मुलगा थॉमस मदतीला होता, तोही मास्तरच. पहिला शब्द 'अबँडन'. रोजच्या साध्या शब्दांना पुस्तकात जागाच नाही. फक्त अवघड शब्द, आणि पुढे चार-दोन सोप्या शब्दांत अर्थ. ज्यांना लॅटिन शिकायला मिळत नसे, विशेषतः स्त्रिया, त्यांना बायबलात वाचलेले आणि प्रवचनात ऐकलेले शब्द कळावेत, हा हेतू. शब्द सापडायला हवा तर आधी मुळाक्षरं क्रमाने पाठ करा, अशी सूचनाही त्याने दिली आहे. (वाचताना मला पाचवीच्या वर्गात उभं असल्यासारखं वाटलं.)

ही वेळ का आली? सोळाव्या शतकात लॅटिन, ग्रीक, फ्रेंच शब्दांचा लोंढा इंग्रजीत शिरला. शाई ठेवायच्या शिंगावरून लोक त्यांना 'इंकहॉर्न' शब्द म्हणून हिणवत. थॉमस विल्सनने १५५३ मध्ये आपल्या वक्तृत्वावरील ग्रंथात अशा शब्दांनी ठासून भरलेलं एक पत्रच टिंगल म्हणून छापलं. त्यातले 'ऑब्टेस्टेट', 'फॅटिगेट' आज कुणाला ठाऊक नाहीत. पण 'सेलिब्रेट' आणि 'डेक्स्टेरिटी' मात्र मजेत नांदताहेत. कुठला शब्द टिकेल हे विल्सनसारख्या जाणत्यालाही सांगता आलं नसतं. जॉन चीक यांनी तर बायबलचं भाषांतर करताना 'सेंच्युरियन'ऐवजी 'हंड्रेडर' असे घरचे शब्द घडवले. आपल्या सावरकरांची आठवण होते. सावरकरांचा 'महापौर' रुजला, चीकसाहेबांचा 'हंड्रेडर' नाही रुजला.

कॉड्रीने दुसऱ्याचं बोलणं समजावं म्हणून शब्द दिले. १६२३ मध्ये हेन्री कॉकरमचा कोश आला, त्याने गाडी उलटी फिरवली. त्याच्या एका भागात साधे शब्द आधी आणि त्यांच्याबदली वापरायचे भारदस्त शब्द पुढे! म्हणजे समजण्यासाठी नव्हे, मिरवण्यासाठी. माझ्या मते शब्द पाठ करण्याच्या रोगाची साथ इथूनच सुरू झाली. खरा उतारा मिळायला सव्वाशेच्या वर वर्षं जावी लागली. १७५५ च्या आपल्या कोशात सॅम्युएल जॉन्सनने अर्थाबरोबर मोठमोठ्या लेखकांची वाक्यं दिली, एकदोन नव्हेत, लाखाच्या वर. शब्द कुठे, कोणत्या सोबतीत बसतो हे वाचणाऱ्याला दिसू लागलं.

आपल्याकडे मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये मुंबईत छापला गेला. कोश थोरच. पण शाळेत आम्ही शब्द पाठ केले ते जोड्या लावून. वहीच्या डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, वाक्याचा पत्ता नाही.

मास्तर झाल्यावर त्याची फळं पाहिली. गायीवरच्या निबंधात एका हुशार मुलाने 'होम' साधा वाटला म्हणून 'अबोड' घातला. गाय संध्याकाळी आपल्या 'अबोड'मध्ये परतते! घर हा अर्थ बरोबर, व्याकरणही बरोबर. गुण कशाचे कापायचे? तेव्हापासून मी वर्गात नियम केला, की नवा शब्द ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासकट वहीत उतरवायचा. मुलं कुरकुरली, कारण पान लवकर भरायचं. दोनेक महिन्यांनी तोच मुलगा इंग्रजी वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आला. कोर्टाची बातमी होती, आणि ठावठिकाणा नसलेल्या आरोपीच्या वर्णनात 'अबोड' बसला होता.

"सर, इथे 'होम' चालणार नाही ना?" त्याने विचारलं.