प्राणेशा तंत्रिका उद्दीपन
औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात मानेतील डाव्या प्राणेशा तंत्रिकेस (मेंदूपासून हृदय, फुप्फुसे व जठर यांपर्यंत जाणाऱ्या दहाव्या मस्तिष्क तंत्रिकेस) ठराविक अंतराने सौम्य विद्युत् स्पंद देऊन झटके कमी करण्याचा उपचार. योग्य निवडीच्या दोन औषधांनीही झटके न थांबणारे रुग्ण एकूण रुग्णांच्या सु. एक-तृतीयांश असतात.

या उपचाराचा उगम एका चुकीच्या उपपत्तीत आहे. मेंदूत रक्ताचा अतिरेक झाल्याने झटके येतात, या समजुतीने न्यूयॉर्कचे वैद्य जेम्स लेनर्ड कॉर्निंग यांनी १८८० नंतरच्या दशकात मानेतील रोहिण्या दाबणारी साधने तयार केली व त्यांना विजेची जोड दिली. त्यांना स्वतःला गुण आढळला. इतरांना तो आढळला नाही. घेरी व मूर्च्छा मात्र येत. साहजिकच ही पद्धती मागे पडली.

१९३८ मध्ये बेली व ब्रेमर यांनी मांजरांवरील प्रयोगांत या तंत्रिकेच्या उद्दीपनाने मेंदूच्या विद्युत् क्रियेत बदल होतो, असे दाखविले. तिच्यातील सु. ८०% तंतू संदेश मेंदूकडे नेणारे असल्याने हे सयुक्तिकच होते. फिलाडेल्फियाचे जेकब झबारा यांनी कुत्र्यांत कृत्रिम रीत्या आणलेले झटके अशा उद्दीपनाने थांबविले (१९८५). १९८८ मध्ये पेन्री व बेल यांच्या पथकाने अमेरिकेतील विन्स्टन-सेलम येथे पहिल्या रुग्णाच्या छातीत त्वचेखाली विद्युत् स्पंदजनक बसविला. उजवी तंत्रिका हृदयाच्या ठोक्यांचे अधिक नियंत्रण करते, म्हणून डावी निवडतात.

स्पंद रुग्णास जाणवतात. तेव्हा खरा व खोटा उपचार त्याच्यापासून लपवावा कसा, ही चाचणीतील मुख्य अडचण होती. ती टाळण्यासाठी तुलनेच्या गटालाही अत्यल्प मात्रेचे उद्दीपन देण्यात आले. ११४ रुग्णांच्या अशा एका चाचणीत (१९९५) झटके उच्च मात्रेच्या गटात २४·५%, तर अल्प मात्रेच्या गटात ६·१% कमी झाले. लाभ माफक, पण खरा होता. कॉर्निंग यांच्या दाव्यांना नेमका हाच आधार नव्हता. १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपचारास मान्यता दिली.

प्रचलित पद्धतीत बहुधा दर पाच मिनिटांनी तीस सेकंद उद्दीपन होते. झटक्याची चाहूल लागताच छातीवर चुंबक फिरवून रुग्णास जादा उद्दीपनही घेता येते. आवाज घोगरा होणे व खोकला हे नेहमीचे उपद्रव होत. झटके पूर्णपणे थांबणारे रुग्ण थोडेच असतात. म्हणून मेंदूतील उगमस्थान शस्त्रक्रियेने काढणे शक्य असल्यास प्रथम तिचाच विचार करतात.