निदानाचीही चिकित्सा

'चिकित्सा' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक, रोगावरील उपचार; दुसरा, कसून केलेली तपासणी. धर्माची आणि ग्रंथांची चिकित्सा करण्याचा अधिकार आपल्या चळवळीने झगडून मिळवला. मनाच्या आजाराला डॉक्टरने दिलेल्या नावाची चिकित्सा रोग्याने करावी की नाही, हा प्रश्न मात्र आपण अजून नीट हाती घेतलेला नाही.

देवळी ज्या वर्धा जिल्ह्यात आहे तो १८६२ साली झाला. नागपूरचे वेड्यांचे इस्पितळ, ज्याला आपले लोक पागलखाना म्हणतात, ते १८६४ चे. १८५८ च्या कायद्याप्रमाणे भटकणाऱ्या 'वेड्या'ला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याचे काम पोलिसांचे. रोग्याबरोबर एक वर्णनपत्र जाई आणि त्यात वेडाच्या कारणाचा रकाना असे. कारण सापडले नाही की त्यात 'गांजा' लिहून मोकळे होण्याची रीत पडली. इस्पितळातले डॉक्टर तेच आपल्या वहीत उतरवीत. वर्षअखेर त्या वह्यांची बेरीज शास्त्र म्हणून छापली जाई.

१८९३ साली नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने ही बेरीज तपासली. १८९२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील इस्पितळांत दाखल झालेल्या १३४४ रोग्यांपैकी २२२ जणांचे वेड गांजा-भांगेच्या माथी मारले होते. पुन्हा चौकशी झाली तेव्हा त्यांतली ९८ प्रकरणेच टिकली. त्यांतही ३७ जणांत इतर कारणे होती. रोगी तेच होते. फरक एवढाच की या वेळी कोणीतरी खरोखर विचारपूस केली. पण ही शंका राज्यकर्त्यांना आली, तीही गांजाबंदीच्या वादापोटी. ज्याच्या नावापुढे ती नोंद होती, त्याला ती वाचण्याचाही हक्क नव्हता.

अमेरिकेत १८५१ साली सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामाला रोगी ठरवले आणि त्या रोगाला 'ड्रॅपटोमॅनिया' हे नावही दिले. गुलामगिरी निरोगी आणि स्वातंत्र्याची ओढ हा आजार! निदान करणारा समाजात कोठे उभा आहे, हे म्हणूनच पाहावे लागते.

आज देवळीचा माणूस सावंगीला किंवा सेवाग्रामला जातो. वस्तीतला तरुण म्हणतो, 'लोक माझ्याविषयी कुजबुजतात.' हा भ्रम असेल, किंवा रोजचा अनुभवही असेल. दोन्ही एकत्रही असू शकतात. जातीविषयी एकही प्रश्न न विचारता डॉक्टरने ते ठरवू नये. पण दुसरी चूकही तितकीच घातक आहे. सगळे दुःख व्यवस्थेच्या खात्यावर टाकून गोळ्या फेकून देणाऱ्याचा आजार बरा होत नाही. आजार खरा असतो, माणसे त्यात मरतात. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या घरांना हे सांगायला नको.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. सामाजिक वा आर्थिक दर्जावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असे तो सांगतो. उपचारात जातीवरून भेद करण्यास मनाई करतो. आपले वैद्यकीय कागद मागण्याचा हक्क रोग्याला देतो.

हा हक्क वापरायला शिकले पाहिजे. आजाराला हे नाव कशावरून दिले? दुसरे काय असू शकेल? औषध किती दिवस, आणि त्याचा त्रास काय? हे विचारणे म्हणजे डॉक्टरचा अपमान नव्हे. जो डॉक्टर शांतपणे उत्तर देतो, त्याच्याजवळ आपणही काही लपवू नये. दारू, कर्ज, अंगात येणे, अपमान, सारे सांगावे. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी पहिल्या भेटीला रोग्याबरोबर जावे. एकट्या माणसाच्या तोंडून प्रश्न निघत नाहीत.