वेळ पाळणारी वेदना

कटकटीच्या कामाला मराठी माणूस सहज 'डोकेदुखी' म्हणून जातो. डोके दुखणे ही त्याच्या लेखी इतकी नित्याची बाब आहे. सुंठ उगाळून कपाळाला लावावी, फडके आवळून बांधावे, घटकाभर अंधारात पडावे, की झाले. परंतु एक डोकेदुखी अशी आहे की तिच्यापुढे सुंठ चालत नाही आणि अंधारात पडून राहणेही शक्य होत नाही. रात्री निजल्यावर तास-दीड तासाने माणूस दचकून जागा होतो. एकाच डोळ्याच्या मागे तापलेली सळई खुपसावी तशी कळ उठते. तो डोळा लाल होऊन पाणी गाळू लागतो, पापणी जड होते, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते. अर्धशिशीचा रोगी निपचित पडून राहतो. हा रोगी खोलीत येरझारा घालतो, कधी भिंतीवर डोके आपटतो. पाव तासापासून तीन तासांपर्यंत हा छळ चालतो आणि आला तसाच ओसरतो. दुसऱ्या दिवशी बहुधा त्याच सुमारास तो पुन्हा हजर होतो. असे काही आठवडे किंवा महिने चालते. मग कित्येक महिने, क्वचित वर्षेही, त्याचा मागमूस राहत नाही. झटके असे घोसाघोसाने येतात म्हणून वैद्यकाने या व्याधीला 'क्लस्टर' डोकेदुखी म्हटले. हजारांत सुमारे एकाला ती गाठते, आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांना अधिक.

या वेदनेवर खात्रीचे औषध नव्हते तो काळ फार मोठा आहे. त्या काळात माणसांनी तिला कसे तोंड दिले, याचा इतिहास पाहू गेले असता एक गोष्ट वारंवार आढळते. जेथे कोणी वेदनेची वेळ नीट पाहून ठेवली, तेथेच ज्ञान एक पाऊल पुढे सरकले.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोगांचे अकरा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी एकाचे नाव 'सूर्यावर्त'. सूर्योदयाबरोबर डोळा आणि भुवई यांत ठणका सुरू होतो, सूर्य चढेल तसा तो चढतो आणि सूर्य कलला की उतरू लागतो, असे त्याचे वर्णन आहे. सूर्यावर्त म्हणजेच आजची क्लस्टर डोकेदुखी, असे म्हणणे मात्र धाडसाचे होईल. कारण ही व्याधी बहुधा रात्रीची, तर तो दिवसाचा. तथापि वेदनेला काळ असतो, हे त्या वैद्याने हेरले होते. त्याच ग्रंथात शिरोरोगासाठी भुवई, कपाळ आणि कानशिले येथे डाग देण्याचाही उपाय आहे. वेदनेवर वेदनेचाच उतारा शोधावा लागावा, इतका माणूस या रोगापुढे हतबल झाला होता.

यानंतर युरोपकडे वळले पाहिजे. १६३८ नंतर बंगळूर हे शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. राजे तेथे राहत होते त्याच काळात, १६४१ साली, ॲम्स्टरडॅमच्या निकोलास टुल्प या वैद्याने आपल्या रोग्यांची टिपणे प्रसिद्ध केली. रेम्ब्रांटच्या शवविच्छेदनाच्या प्रसिद्ध चित्रात मध्यभागी दिसणारा वैद्य तो हाच. उन्हाळ्याच्या आरंभी एका रोग्याला दररोज ठरावीक वेळी भयंकर डोकेदुखी होई. ती क्वचितच दोन तासांहून अधिक टिके, पण तेवढ्यात आपण मरणार असे त्याला वाटे, अशी नोंद टुल्पने केली आहे. १७४५ साली गेरार्ड व्हान स्वीटन याने अशाच एका धडधाकट, मध्यमवयीन माणसाचे वर्णन केले. त्याची कळ रोज एकाच वेळी डाव्या डोळ्यावर येई, डोळा लाल होऊन वाहू लागे, आणि काही तासांनी माणूस पुन्हा पहिल्यासारखा होई. या दोघांपाशी रोगाचे नाव नव्हते. रोग्याचे म्हणणे त्यांनी खरे मानले आणि घड्याळ पाहिले, एवढेच त्यांनी केले.

पुढची प्रगती विसाव्या शतकातील आहे. १९२६ साली लंडनच्या विल्फ्रेड हॅरिसने, तर १९३९ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या बेयर्ड हॉर्टनने या व्याधीचे स्वतंत्र वर्णन केले. 'क्लस्टर' हे नाव १९५२ मध्ये कुंकल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रूढ केले. झटके चालू असताना मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात हालचाल वाढते, असे १९९८ साली मेंदूच्या चित्रणात दिसले. शरीरातील झोप-जागृतीचे घड्याळ याच भागात वसते. टुल्पने टिपलेल्या 'ठरावीक वेळे'चा धागा अशा रीतीने साडेतीनशे वर्षांनी शरीरातच सापडला.

बंगळुरात मेंदूच्या आणि मनाच्या आजारांवरील उपचारांची परंपरा जुनी आहे. १८४७ साली तेथे वेड्यांचे इस्पितळ निघाले. १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि १९७४ साली दोहोंच्या एकीकरणातून 'निम्हान्स' ही राष्ट्रीय संस्था उभी राहिली. या शहरात आणि आसपासच्या खेड्यांत २,३२९ प्रौढांची पाहणी झाली. तिच्या निष्कर्षांप्रमाणे वर्षभरात डोके दुखलेले लोक शंभरांत सुमारे ६४, तर अर्धशिशीचे सुमारे २५ होते. एवढ्या गर्दीत हजारांतला एक सहज हरवून जातो. कोणी त्याला अर्धशिशी समजते, कोणी सर्दी. काहींचे तर निरोगी दातही काढले जातात.

औषधाविना निभावण्याचा प्रश्न निघाला की योगाचे नाव येतेच. प्राणायामाची प्रयोगशाळेत परीक्षा करण्याचे काम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास आरंभिले. निम्हान्सने तीच दृष्टी अर्धशिशीकडे वळवली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील प्रयोगात तीस रोग्यांना नेहमीचे उपचार दिले आणि दुसऱ्या तिसांना त्याच उपचारांच्या जोडीला सहा आठवडे योगाभ्यास दिला. सुधारणा दोन्ही गटांत झाली, पण दुसऱ्यात अधिक. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हा प्रयोग अर्धशिशीचा होता, क्लस्टरचा नव्हे. आणि योग येथे औषधाच्या जोडीला होता, औषधाच्या जागी नव्हता.

मग औषधाखेरीज रोग्याच्या हाती काय राहते? पहिली गोष्ट नोंदवही. उत्तरेकडील देशांत दिवस फार लहान किंवा फार मोठा होण्याच्या दिवसांत या झटक्यांना भर येतो, असे तेथील वैद्यांनी नोंदले आहे. ॲम्स्टरडॅमला सर्वांत मोठा दिवस सर्वांत लहान दिवसाहून सुमारे नऊ तासांनी मोठा असतो. बंगळुरात हा फरक जेमतेम दीड तासाचा. तेव्हा परक्यांचे ऋतुचक्र येथे जसेच्या तसे लावण्यात अर्थ नाही. प्रत्येक रोग्याला स्वतःचे पंचांग स्वतःच मांडावे लागते. दुसरी गोष्ट झोपेची शिस्त. जे शहर परखंडातील कचेऱ्यांच्या वेळेनुसार रात्रपाळी करते, तेथे ही शिस्त पाळणे सोपे नाही. पण दुपारची डुलकीदेखील काहींना झटका आणते. तिसरी गोष्ट मद्य. घोसाच्या दिवसांत थोडेसे मद्यही झटक्याला निमंत्रण ठरते, एरवी मात्र तसे होत नाही. कपाळावर बर्फ, उघड्या खिडकीतील गार वारा, येरझारा, यांनी वेदना जात नाही. ती सोसण्याची ताकद थोडी वाढते.

गोळीखेरीजचा सर्वांत भरवशाचा उपाय प्राणवायूचा आहे. हॉर्टनने तो वापरला होता. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या परीक्षणात मुखवट्यातून मिनिटास १२ लिटर या प्रमाणात पाव तास शुद्ध प्राणवायू दिल्यावर शंभरांपैकी ७८ झटके आटोक्यात आले. साध्या हवेने मात्र २०. प्राणवायूही वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावयाचा असतो, आणि त्याच्याजवळ विडी किंवा दिवा पेटवणे म्हणजे आगीला आमंत्रण. आज सुमाट्रिप्टानची सुई झटका थोपवते आणि व्हेरापामिल घोसाचा जोर कमी करते. त्यांना नकार देण्यात कोणताही पुरुषार्थ नाही. शिवाय पहिल्यांदाच, एकाएकी उठलेली असह्य डोकेदुखी, किंवा तिच्या जोडीला ताप, शुद्ध हरपणे वा हातापायांतील बळ जाणे ही लक्षणे असतील, तर तत्काळ इस्पितळ गाठावे.

या वेदनेचे सर्वांत दारुण अंग एकटेपणाचे आहे. सकाळी रोगी इतरांसारखाच दिसतो, म्हणून रात्रीचे त्याचे म्हणणे कोणाला पटत नाही. आणि पुढच्या रात्रीच्या धास्तीने काहींच्या मनात जीव नकोसा होण्याचे विचार येतात. अशा वेळी बोलण्यासाठी २०२२ सालापासून 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे, आणि तिचे मध्यवर्ती केंद्र बंगळूरचे निम्हान्सच आहे. घरच्या माणसाला औषध देता येत नसले, तरी दिवा लावून जवळ बसता येते, झटका किती वाजता आला आणि किती वेळ राहिला हे वहीत लिहिता येते. १६४१ साली टुल्पने याहून फारसे अधिक केले नव्हते.