भोजनविषयक चिनी वाक्प्रचार : स्तुती आणि निंदा

चिनी भाषेतील रूढ वाक्प्रचारांस 'छंगयू' अशी संज्ञा असून ते बहुधा चार अक्षरांचे असतात. त्यांपैकी भोजनविषयक छंगयू वरकरणी केवळ रसनेचे कौतुक करणारे भासतात. त्यांचा इतिहास मात्र दोन भिन्न दिशा दाखवितो.

'समोर दहा फूट चौरस अन्न' हा प्रयोग इ. स. पू. चौथ्या शतकातील तत्त्वज्ञ मेन्सियस याच्या नावे असलेल्या ग्रंथातील आहे. मनोरथ सिद्धीस गेले तरी सत्ताधाऱ्यांचा हा थाट आपण पत्करणार नाही, असे तो तेथे सांगतो. 'मद्याचे तळे, मांसाचे अरण्य' याचे मूळ सिमा छियानने केलेल्या शांग वंशाच्या अखेरच्या राजाच्या वर्णनात आहे. जिन वंशाचा मंत्री ह झंग (१९९–२७८) भोजनावर रोज दहा हजार नाणी खर्ची घाली, आणि तरीही काड्या टेकवाव्यात असे ताटात काही नाही, अशी तक्रार करी. इ. स. ६४८ मध्ये सिद्ध झालेल्या जिन वंशाच्या इतिहासातील ही हकीकतही वाक्प्रचार बनली. तिन्ही ठिकाणी विपुलता हा दोषच ठरला आहे.

याउलट बारीक चिरलेले मांस व भाजलेले मांस यांचा उल्लेख करताना मेन्सियस म्हणतो की, त्यांची आवड सर्वांस समान असते. पुढे याच दोन पदार्थांच्या नावांवरून सर्वतोमुखी झालेल्या काव्याचा गौरव करणारा छंगयू रूढ झाला.

सारांश, एकाच्याच पुढ्यात साचलेले अन्न निंदेचा विषय झाले. सर्वांस रुचणारी चव काव्याच्या स्तुतीस उपयोगी पडली. म्हणूनच या वाक्प्रचारांपुढे 'उत्तम भोजन' एवढाच अर्थ नोंदविणारा कोश अपुरा ठरतो.