फुटबॉलचा क्लब : धन्याचा की गावाचा?

श्रोतेहो, आमच्या शिर्डी-राहात्याच्या भागात 'कारखाना कोणाचा?' हा प्रश्न कोणाला नवा नाही. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. ऊस तोच होता, चरकही तसाच होता. बदलला होता तो मालक. एका शेठजीच्या जागी भागधारक शेतकरी बसला. तोच प्रश्न आज मी एका खेळासंबंधी विचारणार आहे. आपल्याकडे कुस्ती आणि कबड्डीचा नाद जुना. फुटबॉल त्या मानाने परका. परंतु लहान गावाचा क्लब, त्याच्या पाठीशी उभा राहिलेला धनवान आणि सर्वांना थक्क करणारा विजय, ही या खेळात पुनःपुन्हा घडलेली गोष्ट आहे. आणि तिच्यात आपल्यासारख्यांना शिकण्याजोगे पुष्कळ आहे.

या गोष्टीचा आरंभ इंग्लंडमधील ब्लॅकबर्न या गिरणगावात होतो. दिवस ३१ मार्च १८८३. लंडनच्या ओव्हल मैदानावर एफ. ए. कपचा अंतिम सामना होता. एका बाजूला ओल्ड इटोनियन्स, म्हणजे ईटनच्या सुप्रसिद्ध शाळेतून शिकून निघालेले उमराव घराण्यांतले तरुण. आदल्या वर्षीचे विजेतेही तेच. दुसऱ्या बाजूला ब्लॅकबर्न ऑलिम्पिक. या संघात कोण होते? विणकर, सूत कातणारे गिरणी कामगार, नळजोडणी करणारा, ओतशाळेतला मजूर! आता गिरणीतल्या माणसाला सरावाला वेळ कोठला? भोंगा वाजला की कामावर हजर व्हायचे. इथे त्यांच्या मदतीला आला सिडनी येट्स. हा त्याच गावातला लोखंडी ओतशाळेचा मालक. त्याने खर्च सोसला आणि सामन्यापूर्वी सगळा संघ सुमारे आठवडाभर ब्लॅकपूलच्या समुद्रकाठी सरावासाठी नेऊन ठेवला. त्या काळी हे नवलच होते. सामना जादा वेळेत गेला आणि ऑलिम्पिकने तो दोन विरुद्ध एक गोलांनी जिंकला. मजुरांच्या संघाने हा चषक प्रथमच उमरावांच्या हातून काढून घेतला होता.

पण पुढे काय झालं? १८८५ साली पैसे घेऊन खेळण्यास रीतसर मान्यता मिळाली आणि क्लबांचा खर्च वाढत गेला. १८८८ साली फुटबॉल लीग स्थापन झाली. तीत ब्लॅकबर्नमधून एकच क्लब घेतला गेला, आणि तो होता ऑलिम्पिकचा शेजारी, ब्लॅकबर्न रोव्हर्स. १८८९ साली ऑलिम्पिक क्लब बंद पडला. विजयानंतर अवघ्या सहा वर्षांनी! येट्सच्या पैशाने एक चषक आला, परंतु क्लबाचे पुढचे पोट भरेल अशी व्यवस्था काही त्या पैशातून उभी राहिली नाही.

गंमत अशी की, शंभर वर्षांनंतर त्याच गावात हा खेळ दुसऱ्यांदा मांडला गेला. जॅक वॉकर हा ब्लॅकबर्नचाच माणूस, लहानपणापासून रोव्हर्सचा चाहता. पोलादाच्या व्यापारात त्याने अमाप संपत्ती मिळवली, धंदा विकला आणि १९९१ साली आपल्या आवडत्या क्लबाची सूत्रे हाती घेतली. क्लब तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. वॉकरने केनी डाल्ग्लिशसारखा नामवंत व्यवस्थापक आणला, ॲलन शिअररसारखा गोल करणारा गडी आणला, मैदानाच्या कडेचे जुने मंडप पाडून नवे बांधले. १४ मे १९९५ रोजी शेवटच्या सामन्यात रोव्हर्स लिव्हरपूलकडून हरले. पण तिकडे मँचेस्टर युनायटेडलाही जिंकता आले नाही, आणि एका गुणाच्या फरकाने लाखभर वस्तीचे ब्लॅकबर्न इंग्लंडचे विजेते ठरले. १९१४ नंतर प्रथमच! मात्र चार वर्षांनी, १९९९ साली, हाच क्लब खालच्या श्रेणीत घसरला. वॉकर २००० साली वारला. तो गेल्यावर दोन वर्षे झाली नाहीत तोच क्लब पुन्हा वरच्या श्रेणीत चढलेला होता, ही त्याच्या आस्थेचीच पुण्याई.

आणि आता ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रात येते. नोव्हेंबर २०१० मध्ये हाच ब्लॅकबर्न रोव्हर्स पुण्याच्या व्यंकीज समूहाने विकत घेतला. कोंबड्यांची पिल्ले, अंडी, खाद्य, लसी हा त्यांचा व्यवसाय. आपल्या जिल्ह्यात ज्याच्या रानात पोल्ट्रीची शेड आहे, त्याला हे नाव सांगावे लागत नाही. परंतु पुण्याहून ब्लॅकबर्नचा कारभार चालवणे सोपे नव्हते. महिन्याभरात व्यवस्थापक बदलला. मे २०१२ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीतून खाली आला, आणि त्याच सामन्यात संतापलेल्या प्रेक्षकांपैकी कोणी तरी एक कोंबडी मैदानात सोडून दिली! २०१७ साली क्लब तिसऱ्या श्रेणीपर्यंत उतरला व पुढच्या वर्षी पुन्हा दुसरीत चढला. मालकांनी या काळात तोटा भरून काढण्यासाठी वर्षानुवर्षे पैसा घातला, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. म्हणजे पैशाची वाण नव्हती. वॉकर गावातला होता, गावाची नाडी त्याला कळत होती. नवा धनी दूरदेशीचा होता, आणि ती ओळख काही खरेदीखताबरोबर मिळत नाही.

आता समुद्रापलीकडून घरी येऊ. आपल्या शेजारच्या गोव्यात हीच कथा अधिक मोठ्या पटावर घडलेली दिसते. गोव्याच्या भूमीत लोहखनिज निघाले आणि खाणमालकांची घराणी उदयास आली. वासुदेव साळगावकर यांनी १९५६ साली, म्हणजे गोवा अजून पोर्तुगिजांच्या ताब्यात असताना, वास्कोला आपला क्लब काढला. पुढच्या दशकात धेंपो घराण्याच्या नावाचा क्लब उभा राहिला. परंतु एक गोष्ट विसरू नये. या मालकांनी फुटबॉल गोव्यात आणला नाही. तो तिथे आधीच रुजलेला होता. चर्चच्या शेजारचे पटांगण, भात कापून झाल्यावर मोकळी झालेली शेते, गावागावांतील चुरस, या सगळ्यांतून पोरे तयार होत होती. खाणीच्या पैशाने त्या पोरांना बूट दिले, प्रशिक्षक दिला आणि महिन्याचा पगार दिला.

त्याचे फळ आले. १९७८ साली धेंपोने मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. १९८८ साली साळगावकरांनी फेडरेशन कप गोव्यात नेला. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक या क्लबाने वर्षानुवर्षे सांभाळला. १९९८-९९ च्या मोसमात साळगावकर राष्ट्रीय लीगचे विजेते झाले. आणि मग जे घडले ते फारच विलक्षण. २००५ ते २०१३ या नऊ मोसमांत देशाचे विजेतेपद आठ वेळा गोव्याला गेले: धेंपो पाच वेळा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. उरलेले एक मुंबईच्या महिंद्र युनायटेडला. कलकत्त्याला या नऊ वर्षांत एकदाही नाही! २०११ च्या जनगणनेत सारा गोवा पंधरा लाखांच्याही आत भरला होता. एवढ्याशा प्रदेशाने लाखभर प्रेक्षक जमवणाऱ्या मोहन बागान आणि ईस्ट बंगालला नऊ वर्षे मागे बसवले. आर्मांदो कुलासो हा गोव्याचाच प्रशिक्षक. महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा हे गोव्याचेच गडी. धेंपो घराण्याने २००९ साली आपला खाणधंदा विकला, तरी क्लब चालू ठेवला आणि त्यानंतरही दोन विजेतेपदे मिळवली. खरे ना?

मग २०१६ साल उजाडले. अखिल भारतीय महासंघाने स्पर्धांची नवी रचना मांडली. तीत इंडियन सुपर लीग वर आणि जुनी आय-लीग खाली जाणार होती. साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो यांनी याच्या निषेधार्थ आय-लीगमधून अंग काढून घेतले. त्यांची तक्रार अगदीच निराधार होती असे नव्हे. पण निर्णय कोणी घेतला? मालकांनी. मैदानाच्या कडेला उभा राहून घसा फोडणाऱ्या माणसाचे मत घेण्याची कोठे सोयच नव्हती. महिंद्र युनायटेडचे तेच झाले होते. २००६ चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला हा मुंबईचा संघ कंपनीच्या एका निर्णयाने २०१० साली बंद झाला. पंजाबातील फगवाड्याचा जे. सी. टी. गिरणीचा संघ १९९६-९७ च्या पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता. तोही २०११ साली मिटला. धन्याचे मन फिरले किंवा हिशेब बदलला, की चषक कपाटात राहतात आणि खेळाडू रस्त्यावर येतात. सिडनी येट्सच्या काळापासून हे चालत आलेले आहे.

परंतु श्रोतेहो, इतिहासाची चाल कधीकधी मोठी नागमोडी असते. गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून आय-लीगमध्ये जागा रिकामी झाली, आणि नुकताच खालच्या श्रेणीत ढकलला गेलेला मिझोरामचा ऐझॉल क्लब परत आत घेतला गेला. त्याचा मालक रॉबर्ट रोयते हा स्थानिक उद्योजक. त्याची थैली कलकत्ता-बंगळूरच्या संघांपुढे किरकोळच. प्रशिक्षक म्हणून आला खालिद जमील. हा एके काळचा महिंद्र युनायटेडचाच खेळाडू! ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला एक-एक अशी बरोबरी साधून ऐझॉल मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे राहिला आणि भारताचा विजेता झाला. ईशान्येकडील पहिला. आदल्या वर्षी बाहेर फेकला गेलेला संघ दुसऱ्या वर्षी सर्वांच्या शिरावर! इंग्लंडात लेस्टर सिटीने २०१६ साली असाच चमत्कार केला होता, पण त्याच्या पाठीशी थायलंडच्या कोट्यधीशाचा पैसा होता. ऐझॉलच्या पाठीशी काय होते? मिझोराममध्ये २०१२ सालापासून स्वतःची प्रांतिक लीग सुरू होती. २०१४ साली मिझोरामने संतोष ट्रॉफी जिंकली होती. शेत आधी नांगरलेले होते, रोयते यांनी वेळेवर पाणी दिले. विजयानंतर बरेच खेळाडू मोठ्या पगारावर इतरत्र गेले, तरी क्लब मोडला नाही, कारण मागे दुसरी पोरे उभी होती.

हाच मुद्दा आपल्या कोल्हापुरातही पाहायला मिळतो. तिथे फुटबॉलला राजघराण्याचा आश्रय मिळाला हे खरे; पण संघ उभे राहिले ते पेठांपेठांतल्या तालमींच्या नावाने: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. अशा संघात शेजारचाच पोरगा खेळतो आणि त्याच्यासाठी वर्गणी द्यायला गल्ली तयार असते. कोल्हापूरच्या तालमींनी देशाचे विजेतेपद आणलेले नाही. परंतु एखाद्या कंपनीच्या चिठ्ठीने त्या बंदही झालेल्या नाहीत. शाहू स्टेडियम भरते ते आपल्या पेठेचा संघ पाहण्यासाठी.

मग धनवानाचा पैसा नकोच, असे मला म्हणायचे आहे का? मुळीच नाही. येट्स नसता तर विणकर ओव्हलपर्यंत पोचले नसते. खाणमालक नसते तर गोव्याची पोरे गावच्या शेतातच खेळत राहिली असती. प्रश्न एवढाच, की तो पैसा कोठे मुरतो? तो चषकात मुरला तर धन्याबरोबर जातो. मैदानात आणि माणसांत मुरला तर मागे उरतो. महिंद्रचा क्लब गेला, पण तिथे घडलेला खालिद जमील २०२५ साली भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला. धेंपोचा क्लिफर्ड मिरांडा पुढे प्रशिक्षक होऊन २०२३ साली ओडिशाच्या संघाला सुपर कप मिळवून देता झाला. आणि खुद्द धेंपो क्लबही गोव्यातल्या स्थानिक स्पर्धांत तग धरून राहिला व २०२४ साली खालच्या श्रेणीतून पुन्हा आय-लीगमध्ये चढला.

शिर्डीकरांना हे नव्याने सांगायला नको. नागपूरच्या श्रीमंत बुटींनी बांधलेला वाडा १९१८ साली समाधिमंदिर झाला आणि बांधणाऱ्याचा न राहता सर्वांचा झाला. आज आपल्या तालुक्यात पैसा आहे. हॉटेलवाले आहेत, बागायतदार आहेत, पुढारी आहेत. कोणाच्या ना कोणाच्या नावाने दर वर्षी चषक लागतात, मांडव पडतो, भोंगे वाजतात, आणि चार दिवसांनी त्याच जागी पुन्हा कुसळे वाढतात. तेव्हा अशी देणगी घेऊन कोणी धनिक गावात आला, तर त्याचा सत्कार जरूर करावा. पण नारळ हातात देताना त्याला विचारावे, 'दादा, चषक ठेवा बाजूला. पोरांना बारा महिने खेळता येईल असे मैदान गावाच्या नावावर करून देता का?' तो 'हो' म्हणाला, तर विजय आज ना उद्या येईलच. आणि तो आला, की कोणाचा आहे हे कोणाला विचारावे लागणार नाही.